दह्यानं भरून येतं का?

माझं सांगलीत मेडिकलचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून इतकी वर्षं झाली, की पायरी चढताना माणूस कसा खोकतो त्यावरून तो काय मागणार हे बहुतेक वेळा आधीच कळतं. अलीकडे मात्र एक प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी आहे. कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाला नणंदेनं सांगितलेलं असतं. "ताई, ह्या अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मरतात म्हणं. मग त्यापरीस हळद-बिळद, काहीतरी नैसर्गिक घेतलेलं बरं न्हवं का? आणि गोळ्या घेतल्याच, तर वर दही खाल्लं की भरून येतंय का? आणि ते खायचं कधी?"

गर्दीच्या वेळी मी "डॉक्टरांना विचारा" म्हणते आणि पुढच्याची चिठ्ठी हातात घेते. आज सविस्तर सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

जंतू मरतात, हे खरं आहे. आपल्या पोटात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. भाकरीतला, डाळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याचं अस्तर प्रामुख्यानं त्यावर पोसतं. शिवाय एवढे सगळे जागा अडवून बसलेले असल्यामुळे बाहेरून आलेल्या जंतूला सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. तुम्ही गोळी घेता घशासाठी, पण ती घशापुरती थोडीच राहते? पोटातून जाते, रक्तातून फिरते, आणि वाटेत जे जे तिच्या कचाट्यात सापडतं ते मारते. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असलेल्या गोळ्यांनी तर बऱ्याच जणांना पातळ होतं. मग लोक येऊन सांगतात, "गोळ्या गरम पडल्या." गरम-थंडाचा इथं संबंध नाही, आतड्यातली वस्ती विस्कटलेली असते.

पूर ओसरल्यावर मोकळ्या प्लॉटवर आधी गाजरगवत माजतं, तसंच आतही होतं. म्हाताऱ्या माणसांत, दवाखान्यात बरेच दिवस काढलेल्यांत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू ती रिकामी जागा बळकावतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. बायकांच्या बाबतीत दुसरा त्रास जास्त दिसतो. कोर्स संपता संपता खाज सुटते, अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं. तिथल्या जिवाणूंचा धाक गेला की यीस्ट वाढतं, त्याचा हा प्रकार. काउंटरवर बाईमाणूस आहे म्हणून हे मला कानात सांगतात. दुकानात पुरुष असला की नुसतीच "खाजेची ट्यूब" मागून जातात.

पण म्हणून पोट कायमचं नासतं असं समजू नका. डेन्मार्कमध्ये १२ धडधाकट पुरुषांना चार दिवस तीन जबरी अँटिबायोटिकं एकत्र दिली आणि नंतर सहा महिने त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर लक्ष ठेवलं. २०१८मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. साधारण दीड महिन्यात वस्ती बऱ्यापैकी पूर्ववत झाली. मात्र आधी जवळपास सगळ्यांत असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. म्हणजे भरून येतं, पण जसंच्या तसं येईलच असं नाही.

आता दही. दही खा, माझी काही हरकत नाही. पण आतड्यातल्या बहुतेक जाती अशा आहेत की त्यांना हवासुद्धा सोसत नाही, त्या विरजणात कुठून येणार? घरच्या दह्यातले जिवाणू दूध आंबवण्यात पटाईत, पण आपल्या पोटात ते पाहुणे. येतात, दोन-चार दिवस राहतात, निघून जातात. गेलेल्यांच्या जागी घर करत नाहीत.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगले जंतू भरलेल्या, पुड्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांतल्या काहींत सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं यीस्ट असतं, त्याचा जन्म मला फार आवडतो. १९२०च्या दशकात आन्री बुलार नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होते. तिथं कॉलऱ्याची साथ चालू होती आणि गावकरी लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते. त्या फळांवरून बुलार यांनी हे यीस्ट वेगळं केलं. काढ्यातून निघालं आणि पुडीत जाऊन बसलं! जिवाणू मारणारी गोळी यीस्टला मारत नाही, म्हणून कोर्स चालू असतानाही ते टिकतं, आणि गोळ्यांमुळे होणारे जुलाब त्यानं कमी होतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण जुलाब थांबणं वेगळं आणि मूळची वस्ती परत येणं वेगळं. इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात, तोही २०१८चाच, अँटिबायोटिकनंतर अनेक जिवाणूंचं मिश्रण असलेलं प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उलट जास्त वेळ लागला. त्यामुळे "कोर्सबरोबर एक पुडी टाकूनच द्या" असं कुणी म्हटलं, की मी आधी चिठ्ठीत लिहिलीय का ते बघते.

आमच्या घरी काय करतो तेही विचारतात. पोट बिघडलेलं असेपर्यंत मऊ भात आणि ताक. ठीक झालं की शाळूची भाकरी, डाळ, मटकी, पालेभाजी. जे जिवाणू उरलेत त्यांना चोथा मिळाला की ते वाढतात. त्यासाठी बाटलीतलं काही विकत आणावं लागत नाही. (हे मेडिकलवालीनं सांगितलं म्हणजे निदान धंद्यासाठी सांगितलं नाही, एवढं तरी धरा.)

'नैसर्गिक' म्हणून जे विचारता, त्याचंही एकदा बोलू. १९२८मध्ये फ्लेमिंगना लंडनमध्ये पेनिसिलिन सापडलं ते बुरशीत. पुढं युद्धकाळात ते भरपूर बनवायचं होतं तेव्हा अमेरिकेतल्या पिओरिया शहरात बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर त्याहून जोमदार बुरशी मिळाली, आणि कारखान्यांतलं पेनिसिलिन तिच्या वंशावर चाललं. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तिथंही मोठमोठ्या टाक्यांत बुरशीच वाढवत. अँटिबायोटिक घराण्यातली निम्मी-अधिक मंडळी अशी माती-बुरशीतून आलेली. तेव्हा 'नैसर्गिक म्हणजे सौम्य आणि गोळी म्हणजे केमिकल' हा हिशेब मला कधी जमला नाही.

आणि हळद? सांगलीत राहून हळदीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मार्केट यार्डात राजापुरीचे सौदे चालू असले की वाऱ्यावर वास येतो. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली, २००५च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं घालवली. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळदीतला गुणाचा घटक म्हणजे कर्क्युमिन, ते असतं दोन ते पाच टक्के, आणि पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. काचेच्या नळीत ते जंतूंची वाढ रोखतं, हे खरं. कपभर दुधातल्या चिमूटभर हळदीनं फुप्फुसातला न्यूमोनिया जाईल, हे मात्र खरं नाही. मग लोक म्हणतात, कॅप्सूल घेतो, मिऱ्याचा अर्क घातलेली, ती चांगली लागते. तशा तीव्र कॅप्सुलांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत आहेत. कोविडच्या दिवसांत गुळवेलाचा मारा झाला तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनीही २०२१मध्ये तशा केसेस छापल्या. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असणार, आणि घरच्या फोडणीतलं प्रमाण सोडलं की ते औषध म्हणूनच तोलायला हवं.

तरीही मी हळद-दूध, आल्याचा चहा, तुळशीचा काढा यांच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण जंतू मारण्याशी संबंधित नाही. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तुमच्या पोटातल्या गरिबांना मारून तेवढं मोकळं होतं. साध्या छातीच्या सर्दीतला खोकला जायला सरासरी अडीच आठवडे लागतात. लोकांची अपेक्षा असते आठवड्याची. अडचण आहे ती या मधल्या दहा दिवसांत. आठव्या दिवशी धीर सुटतो आणि माणूस माझ्या पायरीवर येतो: "ताई, ती तीनची पट्टी द्या की." म्हणजे तीन गोळ्यांचं अझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिकच. दहाव्या-बाराव्या दिवशी खोकला आपसूकच उतरायला लागतो आणि श्रेय जातं पट्टीला. काढा घेतला असता तर काढ्याला गेलं असतं. दोन्ही श्रेयं फुकटची, पण काढ्यानं पोटातलं काही बिघडलं नसतं, आणि पुढच्या खेपेला पट्टी घ्यायची सवयही लागली नसती. काढा हातात असला की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं, तेवढ्यात दिवस निघून जातात. मधाचं चाटण तर खोकल्याची ढास खरंच थोडी कमी करतं. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते.

थांबणं सगळ्यांना परवडत नाही, हेही मला दिसतं. यार्डातला हमाल येतो, त्याला उद्या पहाटे पोती उचलायची असतात. डॉक्टरची फी, अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढं घालवण्यापेक्षा "स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणणं त्याला स्वस्त पडतं. त्याला आतड्यातल्या जिवाणूंचं प्रवचन देण्यात काही राम नाही. ताप नसेल, धाप नसेल तर मी त्याला पॅरासिटामॉल देते आणि वाफ घ्यायला सांगते. कधी ऐकतो, कधी पलीकडच्या दुकानात जातो. तिथं मिळते.

आणि जिथं थांबायचंच नाही, तिथं हळदीचं नावही काढू नका. धाप लागतेय, तीन दिवसांत ताप उतरत नाही, शौचातून रक्त पडतंय, लघवीला जळजळ आणि वर थंडी वाजून ताप, साखर असलेल्याच्या पायाला जखम, दोन-तीन महिन्यांचं बाळ तापलंय: यात काढ्यात घालवलेला एकेक दिवस महाग पडतो. अँटिबायोटिकं नव्हती तेव्हा टायफॉइड झालेल्या दहांतले एक-दोन दगावत. त्या काळात हळद होती, तुळस होती, आणि दही तर आजच्यापेक्षा चांगलं होतं.

जुलाबांचं तर उलटंच चालतं. पातळ झालं की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी मागायची, हे इतकं रुळलंय की लोक गोळीचं नावही घेत नाहीत, नुसतं "जुलाबाची" म्हणतात. साधे जुलाब बहुतेक आपोआप थांबतात. त्यात लागतं ते ओआरएस, आणि लहान मुलांना झिंक. आधीच हैराण झालेल्या आतड्यावर दोन-दोन जंतुनाशकं ओतून नंतर दही शोधायचं, याला काय म्हणावं?

एक गंमत सांगते. आटपाडीकडचे एक डाळिंब बागायतदार नेहमी येतात. अँटिबायोटिक नको, नैसर्गिकच पाहिजे, यावर ठाम. मी सहज विचारलं, बागेत तेल्या रोगावर काय मारता? "स्ट्रेप्टो," म्हणाले. ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण. शेतीतला त्याचा वापर बंद करायचा मसुदा केंद्रानं २०२१मध्येच काढला होता. स्वतःच्या पोटाला जपणारा माणूस तेच पंपानं मातीत सोडतो, आणि त्या मातीत तरून जाणारे जिवाणू पुढं कुणाच्या तरी अंगात येणारच. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तेल्या आल्यावर बाग वाचवायला तुम्ही काय देता सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायदा आमच्यासाठीही आहे. मार्च २०१४पासून सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन अशा औषधांसाठी एच-वन रजिस्टर ठेवावं लागतं: पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. रजिस्टर बाहेर काढलं की निम्मी गिऱ्हाईकं "असू दे, नंतर येतो" म्हणतात. पट्टीवर मागच्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

राहिला दह्याचा वेळ, कारण हा तुमचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर गोळीगणिक बदलतं. अमॉक्सिसिलिनबरोबर दही-ताक चालतं. डॉक्सीसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर मात्र चालत नाही. दुधा-दह्यातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं, ती अंगी लागत नाही, म्हणजे पोटाला वाचवायला खाल्लेलं दही औषधालाच अडवतं. गोळी पाण्याबरोबर घ्या आणि दही दोन-तीन तासांनी खा. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधंही तशीच लांब ठेवा. चिठ्ठी घेऊन दुपारी तीनच्या सुमाराला आलात तर गर्दी नसते. प्रत्येक गोळीपुढं पेननं वेळ लिहून देते.