सेंट हेलेना ते असेन्शन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

दक्षिण अटलांटिकमधल्या या दोन ब्रिटिश बेटांमधलं अंतर काढताना मला सूत्राने छळलं नाही, उणे चिन्हांनी छळलं.

सेंट हेलेनाचा विमानतळ 15.9578 दक्षिण, 5.6458 पश्चिम इथे आहे, असेन्शनचा 7.9696 दक्षिण, 14.3937 पश्चिम. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरतात, म्हणजे चारही आकडे उणे. शिवाय विमानतळाच्या अधिकृत माहितीत अक्षांश-रेखांश बहुधा अंश, कला, विकला असे दिलेले असतात. 15 अंश 57 कला 28 विकला हे सरळ 15.5728 असं भरलं, तर धावपट्टी सुमारे 43 किमी उत्तरेला, भर समुद्रात जाते. कलांना 60 ने आणि विकलांना 3600 ने भागून दोन्ही अंशांत मिळवायचे.

असेन्शनच्या रेखांशाचं उणे चिन्ह सुटलं तर बेट अंगोलात पोहोचतं आणि अंतर 2,350 किमी निघतं. ही चूक निदान लक्षात तरी येते. चारही चिन्हं सुटली तर मात्र उत्तर अगदी बरोबर येतं! एक ठिकाण नायजरमध्ये, दुसरं कॅमेरूनमध्ये, पण दोघांमधलं अंतर तेच. म्हणून आकडेमोडीआधी मी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून पाहतो.

पुढे हॅवरसाइन सूत्र, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वात कमी अंतर काढायचं सूत्र. त्यात पृथ्वीची त्रिज्या 6,371 किमी. स्प्रेडशीटमध्ये अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करायला विसरलं की काहीही उत्तर येतं. माझं उत्तर 1,301 किमी, म्हणजे 702 नॉटिकल मैल (1 नॉटिकल मैल = 1.852 किमी, 1.609 चा मैल वेगळा). निघतानाची दिशा 312 अंश, वायव्येकडे. पृथ्वी पूर्ण गोल धरल्यामुळे फार तर अर्धा टक्का फरक पडतो, इथे सहा-सात किमी.

वेळेसाठी मी एम्ब्रेअर 190 धरलं. सेंट हेलेनाची नियमित सेवा 2017 मध्ये याच विमानाने सुरू झाली. उंचीवरचा वेग ताशी सुमारे 830 किमी, म्हणून नुसत्या भागाकाराने 94 मिनिटं येतात. हा आकडा तसाच सांगणं चूक. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीच्या दिशेला वळून यावं लागतं, जमिनीवर सरकण्यातही वेळ जातो. त्यासाठी मी 25 ते 30 मिनिटं धरतो, म्हणजे एकूण दोन तास. समोरून ताशी 80 किमी वारा असेल तर 94 ची 104 होतात, पाठीमागून असेल तर 86. जाऊन-येऊन वाऱ्याचा हिशेब फिटतो असं वाटतं, पण फिटत नाही: 188 ऐवजी 190 मिनिटं लागतात.

दोन्ही बेटांची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर चालतात, त्यामुळे वेळापत्रकातल्या वेळा सरळ वजा करता येतात.

इंधनाचा हिशेब मात्र दोन तासांवर थांबत नाही. जवळ पर्यायी विमानतळ नसेल, तर एकाकी विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार जेट विमानाला तिथे पोहोचल्यावर आणखी दोन तास उडता येईल इतकं इंधन न्यावं लागतं. सेंट हेलेनाला धावपट्टीजवळ वारा अचानक दिशा आणि वेग बदलतो. याच कारणाने नियमित सेवा लांबली होती. तिथे उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून पुन्हा फेरी मारावी लागली, तर आणखी काही मिनिटं त्यातच जातात.