नहाणीची भिंत: टाइल्स अजून खोक्यातच

नहाणीच्या भिंतीतला गळका पाइप बदलून आज वीस दिवस झाले. टाइल्सची खोकी व्हरांड्यात आहेत आणि येणारा-जाणारा त्यांना ठेचकाळून विचारतो, "झालं का?"

गळतीचं थोडक्यात सांगतो. शॉवरमागचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप आट्यांवर कुजला होता. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो, पाइपही तिथेच पातळ होतो, म्हणून गंज आधी तिथे धरतो. आता सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप टाकलाय, नळांच्या तोंडाला पितळी आट्यांची फिटिंग. पाइपची खाच बुजवण्याआधी हातपंपाने सहा किलो दाब देऊन दोन तास ठेवला. काटा हलला नाही.

खरी कटकट त्यानंतर. सहाच टाइल्स काढायच्या होत्या. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो तर कमरेपर्यंत बद्द आवाज. एकेका टाइलमागे सिमेंटचे पाच गोळे, मधे पोकळी, पोकळीत पाणी. अख्खी भिंत उतरवली. गिलावा नखाने निघत होता, तो विटेपर्यंत खरवडला. चौदा घमेली राडारोडा निघाला.

विटांवर पांढरा लोणा फुटला होता. तो मी पहिल्या दिवशी पाणी मारून धुतला. तसं करू नका, क्षार विरघळून परत विटेतच जातात. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद पसरून.

मग वाळवणं. आम्ही साताऱ्यात गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पावसाळ्यात ढग खाली उतरला की दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले, तिथे वीट काय वाळणार! टेबलफॅन रात्रंदिवस चालू. रोज रात्री दोन फूट चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावायचं आणि सकाळी मागे दव धरलंय का बघायचं. आई म्हणाली, "सलाईनपण लाव की रे तिला." दहाव्या सकाळी प्लॅस्टिक कोरडं निघालं. पलीकडच्या देवघरातला ओलीचा डागही फिकटला.

ओळंबा सोडला तर सहा फुटांत अकरा मिलिमीटरचा फरक. म्हणून एकास चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा दोन थरांत केला. खाचेवर चिकन मेश, म्हणजे तारेची बारीक जाळी, दोन्ही बाजूंना चार-चार इंच पुढे आलेली. वरून घोटला नाही, रंधा फिरवून खरबरीतच ठेवला. इतकं वाळवून आता गिलावा पक्का व्हायला सात दिवस त्याच भिंतीला पाणी मारायचं, हे घरात कुणाला पटवून देता येत नाही.

मिस्त्री म्हणाले, "कशाला एवढं? सिमेंटचा घोळ लावून एका दिवसात चिकटवून देतो." जुन्या टाइल्स तशाच तर लावल्या होत्या! शिवाय आणलेल्या टाइल्स व्हिट्रिफाइड आहेत. अर्धा टक्काही पाणी पीत नाहीत, घोळ त्यांना नीट धरत नाही. त्यामुळे आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा टाइल ॲढेसिव्ह आणि दातेरी थापी, हे ठरलंय. त्याआधी वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा.

आज गिलाव्याचा चौथा दिवस. भिंत नि फरशीच्या सांध्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई मारायची म्हणून कोपरा झाडायला बसलो, तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं भांडं) हाताला हलतोय. आता तोही खोदावा लागणार. खोकी तूर्त माळ्यावर टाकली.