ग्रुप प्रोजेक्ट आणि एकमेकांना द्यायचे मार्क

मी परदेशात शिकते. इथे ग्रुप प्रोजेक्टला मार्क मिळतात ते ग्रुपला, पण सगळ्यांच्या पदरात सारखे पडत नाहीत. रिपोर्ट जमा झाला, प्रेझेंटेशन झालं की एक फॉर्म येतो. त्यात ग्रुपमधल्या प्रत्येकाला आपण मार्क द्यायचे, स्वतःलाही. मीटिंगला वेळेवर येत होता का, घेतलेलं काम ठरल्या दिवशी दिलं का, ते काम वापरता येण्यासारखं होतं का, दुसऱ्याचं ऐकून घेतलं का, कुणी अडकलं तर मदतीला आला का. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५. खाली एक रिकामी चौकट आणि तिच्यावर सूचना: कमी मार्क दिले असतील तर उदाहरणासह कारण लिहा. कुणी किती दिले ते बाकीच्यांना कळत नाही.

मग त्याचं गणित होतं. तुम्हाला मिळालेल्या मार्कांची सरासरी भागिले सगळ्या ग्रुपची सरासरी. जो आकडा येईल त्याने ग्रुपच्या मार्कांना गुणायचं. ग्रुपला ७० मिळाले आणि तुमचा आकडा १.१ आला तर तुमच्या नावावर ७७. ०.८ आला तर ५६. रिपोर्ट एकच आणि दोघांत २१ मार्कांचा फरक. ब्रिटनमध्ये लफबरो विद्यापीठाने यासाठी वेबपीए नावाची प्रणाली बनवली, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातून चालणारी केटमी आहे. इथला आमचा फॉर्म त्याच जातीचा.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार लागला. ज्यांच्यासोबत अख्खं सेमिस्टर बसलो, एकमेकांचे चार्ट दुरुस्त केले, त्यांची नावं एका कोष्टकात घालून पुढे आकडे भरायचे? आपल्याकडे कॉलेजमध्ये एखाद्याने काम केलं नाही तरी गाईडसमोर त्याचं नाव कुणी घेत नाही. ‘आमच्या ग्रुपने केलं’ एवढंच सांगायचं, आणि व्हायवाच्या आदल्या रात्री त्याला बसवून त्याच्याकडून सगळं पाठ करून घ्यायचं. यात अन्याय होतो हे मान्य आहे. काम करणाऱ्याची चिडचिड होते, पण ती तो गिळतो. त्यात एक मोठेपणाही आहे, आणि तो मला आजही खरा वाटतो. इथल्या मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, मग ज्याने काम केलं त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. तरी त्याचं उत्तर हा फॉर्मच आहे, असं मला लगेच पटलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण ‘तुमच्याकडच्या मुलांना टीमवर्क जमत नाही’ असं काही जण मोकळेपणाने म्हणतात. ग्रुपमध्ये माणूस ढिला पडतो याला देश कारणीभूत नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते प्रसिद्ध झालं. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी कमी झाला. त्यातला काही भाग ताळमेळ न जमल्यामुळे असणार, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. म्हणून १९७९ साली लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. काही वेळा मुलाला वाटायचं की आपल्यासोबत बाकीचेही ओरडताहेत, प्रत्यक्षात तो एकटाच असायचा. ताळमेळाचा प्रश्नच नव्हता, तरी आवाज कमी निघाला. आणि पुढे त्यांनीच दाखवलं की आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई जाते. हे विद्यार्थी काही आपल्याकडचे नव्हते. जिथे माझं काम माझं म्हणून दिसणारच नाही, तिथे कुठलाही माणूस हात आखडता घेतो. आपल्याकडे ते दिसण्याची सोय कुणी केली नाही, इथे केली आहे. फरक आहे तो एवढाच.

फॉर्मबद्दलचं माझं मत बदललं ते त्याच्या पहिल्या फेरीमुळे. हाच फॉर्म सेमिस्टरच्या मध्यावरही भरायचा असतो, आणि तेव्हाचे आकडे कुठेच मोजत नाहीत. प्रत्येकाला फक्त स्वतःबद्दलचा सारांश मिळतो आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलायचं असतं. आमच्या ग्रुपमध्ये एक जण चॅटवर कधीच वेळेत उत्तर द्यायचा नाही. निर्णय व्हायचे, तो दुसऱ्या दिवशी दुपारी ‘ओके’ म्हणायचा. बाकीच्यांनी मनात त्याची नोंद ‘याला काही पडलेलं नाही’ अशी केली होती. मध्यावरच्या फॉर्ममध्ये त्याला ‘प्रतिसाद’ या प्रश्नाला कमी मार्क पडले. मीटिंगमध्ये त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला, चॅट उघडलं आणि म्हणाला, “या वेळा बघा. तुम्ही रात्री दहा ते बारा बोलता. मी आठवड्यातले चार दिवस रात्रपाळीला असतो, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सकाळी उठतो तेव्हा दीडशे मेसेज असतात आणि त्यात नक्की काय ठरलं ते सापडत नाही.”

त्याने हे आधी का सांगितलं नाही? कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि आपली अडचण पुढे करणं त्याला सबब सांगितल्यासारखं वाटत होतं. आम्ही का विचारलं नाही? कारण विचारणं म्हणजे आरोप करणं, असं आम्हाला वाटत होतं. फॉर्मने विचारलं, म्हणून दोन्ही बाजू सुटल्या. त्या दिवसापासून चॅटवर निर्णय घ्यायचा नाही असं ठरलं. काही ठरवायचं असेल तर ते सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहायचं आणि चोवीस तास थांबायचं. तो मुलगा पुढे आमच्यातला सर्वात वक्तशीर निघाला. हे बोलणं शेवटच्या फॉर्मपर्यंत राहिलं असतं तर त्याचे मार्क गेले असते आणि आम्ही चौघं स्वतःला न्यायी समजत बसलो असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रुप प्रोजेक्ट बुडतो तो वेळेत न बोललेल्या गोष्टींमुळे. आळशी माणूस असतो, नाही असं नाही. पण आळशी म्हणून ज्याच्यावर शिक्का बसतो, त्यातले निम्मे तरी नुसते न विचारलेले असतात.

आणि न बोललेली गोष्ट नेहमी तक्रारच असते असंही नाही. आम्ही सायकलमार्गांवरच्या मोजणी यंत्रांची आकडेवारी तपासत होतो, कुठल्या तासाला किती सायकली गेल्या वगैरे. ग्रुपमधली एक मुलगी अगदी कमी बोलते, पण डेटा साफ करण्याचं किचकट काम तिनेच अंगावर घेतलं होतं. मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, असा आमचा नियम. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मार्चमधल्या एका रविवारी एक तास गायब आहे आणि ऑक्टोबरमधल्या एका रविवारी एकच तास दोनदा आलाय. महत्त्वाचं आहे का माहीत नाही.” इथे वसंतात घड्याळ एक तास पुढे करतात आणि शरदात मागे, त्याचा हा परिणाम. आमच्या प्रोग्रॅमने त्या दोन दिवसांचे आकडे भलत्याच तासाला चिकटवले होते. तिला हे बऱ्याच आधीपासून दिसत होतं. नियम नसता तर आमच्यातले दोन बोलके पहिली वीस मिनिटं बोलले असते आणि तिने “माझं काही नाही” म्हणून विषय संपवला असता.

हे आमच्यापुरतं नाही. स्टासर आणि टायटस या दोघांनी १९८५ साली दाखवलं की ग्रुप चर्चेला बसला की सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच जास्त बोलतो, आणि एकालाच माहीत असलेली गोष्ट बहुतेकदा टेबलावर येतच नाही. मग चौघं पाच जण एकत्र बसून उपयोग काय? २०१० साली ‘सायन्स’मध्ये अनिता वुली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, ६९९ माणसं, दोन ते पाच जणांचे ग्रुप. ग्रुपमध्ये सर्वात हुशार कोण आहे यावर ग्रुपची कामगिरी फारशी ठरत नव्हती. बोलण्याच्या पाळ्या जिथे बऱ्यापैकी सारख्या वाटल्या गेल्या आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं होती, ते ग्रुप सरस ठरले. ग्रुपमधल्या टॉपरच्या जिवावर प्रोजेक्ट काढायची सवय असलेल्या आपल्या सगळ्यांनी हे वाचायला हवं.

मीटिंगच्या मिनिट्सबद्दल, म्हणजे लेखी नोंदींबद्दल, थोडक्यात सांगते. तीन रकाने: काम, नाव, तारीख. एका कामापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की ते काम दोघांपैकी कुणीच करत नाही. ‘करतो मी’ म्हटलं की लगेच विचारतात, कधीपर्यंत? सुरुवातीला उद्धटपणा वाटतो, नंतर बरं वाटतं, कारण आठवण करून द्यायची वेळ आली तर आपण त्या माणसाला बोलत नसतो, तारखेबद्दल बोलत असतो. चौघांच्या ग्रुपमध्ये दोघादोघांच्या सहा जोड्या होतात, सहा जणांत पंधरा. एवढ्या जोड्यांत तोंडी ठरलेलं काही टिकत नाही, ते लिहूनच ठेवावं लागतं.

आता आपल्या बाजूचं. इथे काम वाटून घेण्यात इतकी शिस्त आहे की वाटून झालं की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात जातो. शेवटच्या आठवड्यात चार तुकडे येतात आणि एकाखाली एक चिकटवले जातात. एका भागात दशांश दोन, दुसऱ्यात तीन. प्रस्तावनेत जो प्रश्न मांडला त्याचं उत्तर निष्कर्षात नाही, कारण दोन्ही लिहिणाऱ्यांनी एकमेकांचं वाचलेलंच नाही. आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही, माझा भाग मी दिला! आपल्याकडे व्हायवात परीक्षक कुणालाही काहीही विचारतो, ‘तो भाग माझ्याकडे नव्हता’ हे उत्तर चालत नाही. त्या भीतीने का होईना, आपण एकमेकांचा भाग शिकतो. रात्रभर जागून ज्याने कोड लिहिलं तो बाकीच्यांना ओळ न् ओळ समजावतो. ही सवय मी इथे हट्टाने आणली. प्रेझेंटेशनच्या आधी प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग समजावून सांगायचा, स्वतःचा नाही. पहिल्याच फेरीत दोन चुका सापडल्या, आणि त्या रिपोर्ट दहा वेळा वाचूनही कुणाला दिसल्या नव्हत्या. आमच्या प्राध्यापकांनी शेवटी विचारलेले प्रश्न आम्ही कुणीही उचलून उत्तर देऊ शकत होतो, बाकीच्या ग्रुपमध्ये माना वळत होत्या. याचं श्रेय मी आपल्या व्हायवाला देते आणि देत राहीन.

फॉर्मची एक बाजू मला अजूनही टोचते. जो फर्डा बोलतो त्याने जास्त काम केलं असं वाटतं, आणि मीटिंगच्या भाषेत जन्मलेल्याला हा फायदा आयता मिळतो. डेटा साफ करणारी ती मुलगी पाच मिनिटं बोलते तेव्हा तिच्यामागे पाच तासांचं काम असतं, ते ‘चर्चेत सहभाग’ या प्रश्नात मावत नाही. डॉक्युमेंटच्या बदलांच्या इतिहासात थोडं दिसतं, पण तिथेही ओळी मोजून काही कळत नाही. चुकीच्या शंभर ओळी काढून टाकणं हेही कामच आहे.

शेवटचा फॉर्म मी भरला तेव्हा सगळ्यांना जवळपास सारखे मार्क दिले. इथल्या एका मैत्रिणीच्या मते ही पळवाट आहे, मग फॉर्मचा उपयोग काय. मला तसं वाटत नाही. जे बोलायचं होतं ते मध्यावर बोलून झालं होतं, त्यानंतर कामं वेळेत झाली होती, मग शेवटी आकड्यांतून वेगळं काय सांगायचं उरलं? सगळ्यांनी सारखे दिले की गुणक १ येतो आणि ग्रुपचे मार्क जसेच्या तसे मिळतात. आमचे तसेच आले, थोडे इकडेतिकडे.

पुढच्या प्रोजेक्टसाठी नवा ग्रुप आहे आणि सुरुवातीला ग्रुपचा करार लिहायचा असतो: मीटिंग कधी, निर्णय कसे, काम अडकलं तर कुणाला आणि किती दिवस आधी सांगायचं. त्यात मी माझ्याकडून दोन कलमं सुचवली आहेत. एक, प्रत्येकाने पहिल्याच मीटिंगला आपण कुठल्या वेळी अजिबात भेटणार नाही ते लिहावं, कारण न देता. दुसरं, एखाद्याला आजारपण किंवा घरचं काही आलं आणि त्याने वेळेत सांगितलं, तर त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं आणि त्याबद्दल शेवटच्या फॉर्ममध्ये त्याचे मार्क कापायचे नाहीत. दुसऱ्या कलमावर थोडी खळखळ झाली. ‘वेळेत’ म्हणजे किती, असं विचारलं गेलं. डेडलाईनच्या तीन दिवस आधी, असं ठरलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या.