तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या प्लेबुकात, म्हणजे चालींच्या वहीत, चौदाच चाली का?

शुक्रवारची मॅच हरलो की पार्किंगमध्ये कुणाचे तरी बाबा गाठतातच. "कोच, चौदाच प्ले? समोरच्यांना तोंडपाठ झालेत." नवे असिस्टंट कोच हेच जरा अदबीनं विचारतात. "पोरांना झेपायला हवं," एवढं बोलून मी गाडीत बसतो. आज नीट सांगतो.

ओहायोत हे काम करायचं म्हणजे इथले नावाजलेले फुटबॉल कोच पॉल ब्राउन डोक्यात असतातच. १९३२ ते १९४० मॅसिलनच्या हायस्कूल टीमचे ते कोच होते. खेळाडूंना वर्गात बसवायचं, वही लिहायला लावायची, लेखी परीक्षा घ्यायची, ही त्यांची पद्धत. मी गणिताचा मास्तर, मला ती फारच पटली. पहिल्या वर्षी मी ८४ चालींचं प्लेबुक केलं. दर पानावर अकराही जणांचे बाण, समोर पाचजणांची फळी असेल तर वेगळे, चारांची असेल तर वेगळे. ते चांगलं काम होतं. आजही मी तसंच म्हणेन.

आमचा खेळ विंग-टी या मांडणीचा. त्यात २८ स्वीप म्हणजे उजव्या कडेनं धाव. दोन्ही गार्ड, म्हणजे मधल्या सेंटरच्या डाव्या-उजव्या हाताचे अडवणारे, जागा सोडून उजवीकडे पळतात. वॅगल ही तिचीच जोडीदार चाल. मागचे धावणारे सगळे २८ चं सोंग करतात, क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा, बॉल मांडीआड लपवून डावीकडे निघतो आणि गार्ड त्याच्या पुढे डावीकडे. मी तिला नाव दिलं '२८ वॅगल'. मागच्यांची धाव २८ चीच, म्हणून नावही तेच. कागदावर त्यात काही चूक नव्हती.

एका मॅचचा शेवटचा क्वार्टर, चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, तीन यार्ड हवेत. मी २८ वॅगल पाठवली. शाळा लहान, त्यामुळे आमची पोरं ऑफेन्सलाही तीच आणि डिफेन्सलाही तीच. डावा गार्ड सुरुवातीपासून मैदानातच होता. '२८' ऐकून तो उजवीकडे निघाला. उजवा गार्ड बरोबर डावीकडे. सेंटरच्या मागे दोघांची हेल्मेटं आदळली, तो आवाज मला साइडलाइनवर ऐकू आला. क्वार्टरबॅक वळला तेव्हा समोर डिफेन्सचा एंड, म्हणजे फळीतला कडेचा खेळाडू, मोकळा होता, त्याला अडवायला कुणीच नव्हतं. पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

सोमवारी तास संपल्यावर डावा गार्ड बाकावरच बसून राहिला. सगळे गेले तसं त्यानं प्लेबुकाचं ४१वं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. स्वतःच्या बाणावर त्यानं पेन्सिल इतक्यांदा फिरवली होती की कागद तिथे फाटला होता. "कोच, मला येत होतं. अठ्ठावीस ऐकलं आणि पाय निघाले."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी नीट ऐक."

आठवड्याभरात त्यानं टीम सोडली. कुणीतरी चिडून मला विचारावं, तेव्हा काय बोललात, असं मला कितीदा वाटलं. कुणी विचारलं नाही. सगळे चौदाचंच विचारतात.

तेव्हाचा मी आजच्या मला म्हणतो, नाव चुकलं होतं, ८४ चा काय दोष? नाव बदलून भागलं असतं. खरं आहे. नाव बदललंच, आता ती 'लुई', एल म्हणजे लेफ्ट, आकडाच नाही. पण ८४ चाली असताना त्या पोरानं वॅगल पायानं कितीदा केली होती? आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा. पेन्सिलीनं शंभरदा. पुढची चाल सुरू करायला मिळणाऱ्या चाळीस सेकंदांत, दमलेल्या अंगाला पेन्सिलीचं काही आठवत नाही. चौदा असल्या की प्रत्येक चाल रोज पायाखालून जाते.

तरी ते बाबा चुकीचे नाहीत. गेल्या हंगामात समोरच्या डिफेन्समधला लाइनबॅकर बॉल सुटण्याआधीच आमची चाल ओरडून सांगत होता. आमचा आत्ताचा क्वार्टरबॅक हुशार आहे, त्याला आणखी हवंय, आणि मी नाही म्हणतो. तोच सोडून गेला तर? चौदा हा आकडा मी त्या एका सोमवारच्या भीतीनं धरून ठेवलाय का, हेही मनात येतं.

पंधरावी चाल मी वहीत काढून ठेवली आहे. नऊजणांचे बाण झालेत. दोन्ही गार्डचे राहिलेत.