सातव्या रांगेतील दोन खुर्च्या

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा आमच्या घरी कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेल्या त्या वास्तूत माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ऐन विशीत ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक पाहिले होते. पाहिले म्हणण्यापेक्षा ऐकले म्हणणे त्यांना अधिक बरोबर वाटते, कारण प्रयोग हाउसफुल्ल होता आणि ओळखीच्या माणसाने मागच्या भिंतीलगत उभे राहण्यापुरती जागा करून दिली होती. पंडित वसंतराव देशपांडे यांचे गाणे शेवटपर्यंत कानात साठवून ते घरी आले, पण पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यांमुळे वसंतरावांनी रंगवलेल्या खाँसाहेबांचा चेहरा त्यांना धडपणे एकदाही दिसला नाही. पुढे चाळीस वर्षे चित्रकला शिकवण्यात गेलेल्या माणसाला चेहरा न दिसल्याची ही रुखरुख किती लागली असेल, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जळालेल्या नाट्यगृहाचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहताना त्यांनी पुन्हा तीच आठवण काढली, आणि मला २०११ च्या फेब्रुवारीत एकाच नाटकासाठी केलेल्या पुण्याच्या दोन वाऱ्या आठवल्या.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने नटलेले हे नाटक प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आणले. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली ते पुन्हा उभे राहिले. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिवच्या भूमिकेत अभिषेकींचे शिष्य महेश काळे, हे वाचल्यापासून अण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकाच्या गळ्यात आजोबांचा वारसा, दुसऱ्याच्या गळ्यात गुरूंची तालीम, आणि दोघे समोरासमोर! त्यांनी तोंडाने मात्र काही मागितले नाही. रविवारच्या पुणे आवृत्तीतील नाटकांच्या जाहिरातींचे पान घडी घालून माझ्या टेबलावर ठेवले, एवढेच.

पहिल्यांदा मी पुण्यातील एका नातेवाइकांना तिकिटे काढायला सांगितले. ते ऑफिसला जाता जाता खिडकीवर गेले, तोपर्यंत प्लॅन, म्हणजे खुर्च्यांच्या आरक्षणाचा तक्ता, भरत आला होता आणि बाल्कनीतील मागच्या, अगदी कडेच्या खुर्च्या उरल्या होत्या. त्यांनी फोन करून विचारले, “घेऊ का?” मी नको म्हणाले. निवृत्तीच्या आदल्या वर्षीपासून अण्णांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी ऐकू आले आणि दिसले नाही. आता दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही अशा जागी त्यांना बसवायला माझे मन घेईना. पुढच्या प्रयोगाचा प्लॅन कोणत्या दिवशी उघडणार ते विचारून घेतले आणि आदल्या रात्री मी स्वतःच कोल्हापूरच्या मध्यवर्ती बस स्थानकावर जाऊन पुण्याच्या एसटीत बसले.

कोल्हापूर ते पुणे साधारण दोनशे तीस किलोमीटर. कराड मागे पडेपर्यंत मला झोप लागली होती. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा चहासाठी उतरले, आणि त्यानंतर झोप आली नाही. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली, तेव्हा मी मनातल्या मनात नाट्यगृहाचा नकाशा मांडत होते. अण्णांना डाव्या कानाने ऐकू येते, म्हणजे रंगमंच त्यांच्या डावीकडे पडला पाहिजे, म्हणजेच खुर्च्या प्रेक्षागृहाच्या उजव्या अंगाला हव्यात. चेहरा दिसायचा तर पुढे हव्यात, पण फार पुढेही नकोत. संगीत नाटकात पहिल्या दोन-तीन रांगांत बसले की मान वर करून पाहावे लागते आणि रंगमंचाच्या पायथ्याशी असलेल्या ऑर्गनचा व तबल्याचा आवाज गाण्याच्या आधी कानावर आदळतो. गद्य नाटकाला पहिली रांग मिळाली तर माणूस खूश होतो. गाणे ऐकायला गेलेला जाणकार मात्र चार-पाच रांगा सोडून मागे सरकतो, कारण गायकाचा आवाज आणि साथ यांचा मेळ तिथे जाऊन बसतो.

पहाटे स्वारगेटला उतरून रिक्षा केली. टिळक रस्ता, अलका चौक, लकडी पूल, डेक्कन आणि मग जंगली महाराज रस्ता असे करत बालगंधर्व रंगमंदिराशी पोहोचले, तेव्हा अजून पुरते उजाडले नव्हते आणि शेजारच्या संभाजी उद्यानाकडे फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ नुकती सुरू झाली होती. खिडकी उघडायला दोन-अडीच तास होते. तरीही माझ्या आधी सहा जण आलेले होते. एकाने वहीच्या पानावर नावे लिहून घेतली होती. सातवे नाव माझे.

त्या रांगेबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे मला जे शिकायला मिळाले ते कोणत्याही जाहिरातीत नसते. माझ्या पुढे सदाशिव पेठेतील एक आजी होत्या. पांढरी सुती साडी, अंगावर शाल, पिशवीत घरून आणलेला चहाचा थर्मास. त्यांनी नवे ‘कट्यार’ दोनदा पाहिले होते आणि आता भिशीतल्या चौघींना घेऊन तिसऱ्यांदा जाणार होत्या. मी कोल्हापूरहून केवळ तिकिटे काढायला आले आहे हे कळल्यावर त्यांनी अर्धा कप चहा माझ्या हातात दिला आणि अण्णांच्या कानाची हकिकत नीट ऐकून घेतली. मग वर्तमानपत्राच्या मोकळ्या समासात त्यांनी पेनने रंगमंच काढला. “उजवीकडे बसवा, पण अगदी कडेला नको,” त्या म्हणाल्या. “कडेला बसलात की त्या बाजूच्या विंगेजवळचं काही दिसत नाही. सहावी, सातवी, आठवी, यातली कुठलीही रांग घ्या. आणि तुम्ही त्यांच्या उजवीकडे बसा, म्हणजे त्यांच्या चांगल्या कानाशी तुमची चुळबुळ नको.” हे शेवटचे मला सुचलेच नसते.

साडेसातच्या सुमारास आतून ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला. दुपारच्या कुठल्याशा कार्यक्रमाचा सेट लावणे चालले होते. मी दारापाशी जाऊन तिथल्या डोअरकीपर काकांना विचारले, की दोन मिनिटे आत जाऊन खुर्चीत बसून पाहता येईल का. कारण सांगितल्यावर त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिले आणि पडदा बाजूला केला.

रिकामे प्रेक्षागृह मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. जवळजवळ हजार माणसांची ती जागा, त्यात फक्त रंगमंचावर एक पिवळा दिवा आणि दोन सुतार. मी रांगा मोजत सातवीपर्यंत गेले, उजव्या अंगाला बसले आणि उजव्या कानात बोट घातले. सुतारांपैकी एकजण दुसऱ्याला खिळ्यांचा पुडा कुठे ठेवला ते विचारत होता; त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. मग मी उठून डावीकडच्या खुर्चीत बसले, कान तसाच झाकलेला. तोच आवाज आता दूर गेल्यासारखा, भिंतीआडून आल्यासारखा वाटला. पुन्हा उजवीकडे आले, एक रांग पुढे, एक रांग मागे असे करून पाहिले. सातवीतून सुताराच्या भुवया दिसत होत्या, त्याच्या ओठांत धरलेला खिळा दिसत होता. दहावीतून खिळा दिसेनासा झाला. काका दारातून हे सगळे पाहत होते. मी बाहेर पडताना ते म्हणाले, “ताई, सातवीच घ्या. माझाही एक कान गेलाय, मीही तिथेच उभा राहतो.”

खिडकी उघडली. आतील गृहस्थांनी प्लॅनचा मोठा कागद समोर पसरला. चौकोनांच्या रांगा, पुढच्या दोन रांगांवर पेन्सिलीने आधीच मारलेल्या तिरक्या रेघा. त्या पाहुण्यांसाठी असाव्यात. आपली पाळी येईपर्यंत माणसाचे लक्ष पुढच्याच्या बोटावर असते: तो कुठे बोट ठेवतो, आपली रांग उरते की जाते. आजींनी पाचव्या रांगेतील मधल्या पाच खुर्च्या घेतल्या आणि जाताना मागे वळून मला मान हलवून खूण केली. मी सातव्या रांगेवर बोट ठेवले, उजव्या भागातील कडेपासूनच्या तीन सोडून पुढच्या दोन. पेन्सिल त्या दोन चौकोनांवर फिरली, पुस्तकातून दोन तिकिटे फाटली, त्यांवर पेनाने आकडे पडले. नऊच्या आसपास माझे काम झाले होते आणि दुपारच्या एसटीने मी परत निघालेही. तिकिटांपेक्षा प्रवासाला अधिक पैसे लागले याचे मला तेव्हाही वाईट वाटले नाही.

दुसऱ्या खेपेला अण्णांनी रेल्वेने जायचा हट्ट धरला, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच कोयना एक्स्प्रेसने निघालो. गाडी मिरजेला थांबली, तेव्हा ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मिरज हे तंबोरे घडवणाऱ्यांचे गाव. तिथल्या एका कारागिराकडे त्यांनी तरुणपणी तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील नक्षीची रेखाटने केली होती. त्याच प्रवासात त्यांनी पणशीकरांचा विषय काढला. जानेवारीतच पणशीकर गेले होते. “पुन्हा उभे राहिलेले त्यांच्या कानावर तरी आले असेल,” एवढेच ते म्हणाले आणि साताऱ्यापर्यंत गप्प होते. पुण्याला पोहोचायला संध्याकाळ झाली. मुक्काम नातेवाइकांकडे केला.

रविवारी संध्याकाळी साडेपाचचा प्रयोग होता. आम्ही तासभर आधी पोहोचलो, कारण अण्णांना गोपाळ देऊस्कर यांनी काढलेली बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती चित्रे सावकाश पाहायची होती, एक पुरुषवेशातील आणि एक स्त्रीवेशातील. साडीच्या चुण्या देऊस्करांनी कशा पकडल्या आहेत ते त्यांनी मला बोटाने हवेत काढून दाखवले. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. सातव्या रांगेत मी त्यांना डावीकडच्या खुर्चीत बसवले आणि स्वतः उजवीकडे बसले. बाहेर हाउसफुल्लचा फलक लागला होता. पाचव्या रांगेतून आजींनी हात वर केला.

ऐकताना अण्णांचा डावा हात एरवी नेहमी कानामागे जातो. व्याख्यान असो, कीर्तन असो, तळवा कानामागे वाटीसारखा धरायची त्यांना सवय लागली आहे. पडदा वर गेला तेव्हा तो हात उठला, कानापर्यंत गेला, आणि पंडितजींच्या, म्हणजे नाटकातील खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडित भानुशंकर यांच्या, पहिल्या स्वरानंतर खाली मांडीवर आला. नंतर तो पुन्हा वर गेला नाही. मी अर्धे लक्ष नाटकाकडे आणि अर्धे त्या हाताकडे ठेवून बसले होते.

‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद या नाटकात पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. दोन घराण्यांचा सगळा झगडा अभिषेकींनी त्या दोन चालींत बांधून ठेवला आहे. एक चाल शब्दाला जपत संथपणे उलगडते. दुसरी शब्दाला पकडून त्याच्याशी झुंजते, तानांनी त्याला चारी बाजूंनी घेरते. घरी ध्वनिमुद्रिकेवर मी हे शंभरदा ऐकले असेल, पण चेहरा दिसत असताना ऐकणे वेगळे आहे. तान सुटण्याआधी गायकाच्या डोळ्यांत ती दिसते. खाँसाहेबांच्या चेहऱ्यावर विजयाचा माज आणि त्याखाली दबलेली, कुणाला कळू न द्यायची अस्वस्थता एकाच वेळी येते, हे मला त्या दिवशी सातव्या रांगेतून कळले. वन्स मोअरचा गजर झाला तेव्हा अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते पुढे झुकून पाहत होते, चित्र काढण्याआधी समोरच्या माणसाला पाहतात तसे, डोळे किंचित बारीक करून.

खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर म्हणून राहून सदाशिव त्यांची गायकी चोरून ऐकतो, तो भाग सुरू झाल्यावर त्यांनी माझे मनगट धरले. तसे ते क्वचितच करतात. भिंतीलगत उभे राहून ऐकलेल्या त्या रात्रीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. मध्यंतरात त्यांनी फक्त इतकेच विचारले, “तुला कसं कळलं, की इथूनच ऐकू येईल?” मी त्यांना सुतारांची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची एसटी धरण्याआधी त्यांनी रिक्षा रंगमंदिराकडे वळवायला लावली. घरून आणलेली गुळाची एक लहान ढेप त्यांनी नातेवाइकांकडे न देता पिशवीत मागे ठेवली होती. डोअरकीपर काका दाराशी झाडून घेत होते. मला त्यांनी लगेच ओळखले. अण्णांनी ढेप त्यांच्या हातात दिली. दोघे थोडा वेळ बोलले, आणि माझ्या लक्षात आले, की बोलताना दोघांनीही आपापला चांगला कान पुढे केला आहे. मग काकांनी पडदा बाजूला केला, अण्णा एकटेच आत गेले आणि रिकाम्या सातव्या रांगेत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. आम्ही दोघे बाहेर थांबलो. स्वारगेटची दहाची गाडी चुकली. आम्ही अकराच्या गाडीने निघालो.