ॲपल ज्यूसमध्ये भिजलेलं लाकूड

ऑस्टिनला आल्यावर मला स्मोकिंगचं, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवण्याचं वेड लागलं. शेजाऱ्याने सल्ला दिला, "हिकरीच्या लाकडाचे तुकडे रात्रभर ॲपल ज्यूसमध्ये भिजव, मग बघ मजा." भिजवले. वर थोडी बर्बन व्हिस्कीही ओतली (बायकोच्या मते ती तिथेच वाया गेली).

सकाळी एक तुकडा कुऱ्हाडीने उभा फोडला. बाहेरून काळपट, चिकट. आत मात्र जेमतेम नखाएवढ्या जाडीचा ओला थर, बाकी गाभा खडखडीत कोरडा. तरी उरलेले निखाऱ्यांवर ठेवलेच. आधी चुर्रर्र, मग नुसती पांढरी वाफ. स्मोकरचा (धुराच्या भट्टीचा) तापमानाचा काटा २५० फॅरनहाइटवरून २१० वर घसरला. पाणी उडून जाईपर्यंत लाकूड १०० सेल्सिअसच्या फारसं वर जातच नाही, आणि चवीचा धूर निघायला ते त्याच्या दुप्पट-तिप्पट तापावं लागतं. म्हणजे अर्धा तास मी कोंबडीच्या तंगड्यांना वाफारा देत बसलो होतो! ज्यूसचा वास अंगणभर. चिकनमध्ये? नाव नको.

आजोळी ओलं सरपण चुलीत सारलं की आजी फुंकणी हातात घेऊन खोकत खोकत शिव्या घालायची. तेवढं आठवलं असतं तरी पुरे होतं. इथे जवळच्या लॉकहार्टमधले जुने बार्बेक्यूवालेसुद्धा पोस्ट ओक या झाडाचं लाकूड चांगलं वाळवूनच जाळतात.

आता लाकूड कोरडंच. ज्यूसमध्ये थोडं व्हिनेगर घालून ते स्प्रेच्या बाटलीत भरतो आणि पाऊण तासाने थेट मांसावरच मारतो. ओलसर मांसाला धूरही जास्त धरतो. बर्बन ग्लासात.