सहा डेस्कटॉप, एक टेम्प्लेट आणि 223 जीबीची खोली

काल रात्री पावणेबाराला आईच्या डेस्कटॉपने सर्व्हरच्या डिस्कवर घेतलेल्या जागेचा आकडा 7.9 जीबीवर थांबला. आदल्या तीन रात्री तोच आकडा 45च्या आसपास जाऊन बसत होता. मी खुर्चीतून उठलो आणि उगाचच गॅलरीत एक चक्कर मारून आलो. आज त्याचीच नोंद.

मागच्या वेळी लिहिलं होतं, की मिररमधली (एकच मजकूर दोनदा ठेवणाऱ्या डिस्कच्या जोडीतली) एक एसएसडी गेली आणि रिसिल्व्हर (उरलेल्या डिस्कवरून बदली डिस्क भरणं) लावून झोपतोय. सकाळी उठलो तर दुसरीही गेलेली. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या. स्वस्त, विनाडीरॅम, म्हणजे स्वतःची छोटी मेमरी नसलेल्या. तेव्हा तुमच्यापैकी तिघांनी बजावलं होतं की जुळी भावंडं मिररला लावू नकोस. मान्य. आता बोलू नका.

मुख्य सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) आणि त्यावर घरातले सहा विंडोज डेस्कटॉप: आई, बायको, मुलगी, मी, नाशिकचा भाऊ आणि एक प्रयोगासाठी. सगळे एकाच टेम्प्लेटचे लिंक्ड क्लोन, म्हणजे मूळ साच्याची डिस्क सामायिक आणि फक्त आपापला फरक वेगळा. समोर पुण्याच्या तापकीर गल्लीतून उचललेले जुने थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचा डेस्कटॉप फक्त दाखवणारे छोटे डबे. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या खोलीत, वेगळ्या डब्यात, त्यामुळे तो शाबूत. हाताशी सुटी डिस्क एकच होती, इंटेलची जुनी डीसी एस 3500, 240 जीबीची, म्हणजे हिशेबाने 223. वीज गेली तर हातातलं लिहून पूर्ण करायला तिच्यात कपॅसिटर आहेत. माझं मत विचाराल तर अशी सेकंडहँड एंटरप्राइझ डिस्क नव्या चकचकीत स्वस्त डिस्कपेक्षा कधीही बरी.

पहिला घोळ एन्क्रिप्शन किल्लीचा. बॅकअप एन्क्रिप्टेड, आणि किल्ली राहते प्रॉक्समॉक्सच्याच कॉन्फिगमध्ये, म्हणजे मेलेल्या डिस्कवर. नशीब, दोन वर्षांपूर्वी पेपर-की (किल्लीची क्यूआरसकट कागदी प्रत) छापून गोदरेजच्या कपाटात रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवली होती. कागद पिवळा पडलाय, घडीवर एक रेघही आहे, पण मोबाइलने क्यूआर पहिल्या फटक्यात वाचला. ज्यांनी अजून छापली नसेल त्यांनी हे वाचणं थांबवून आधी छापा.

आता खरं दुखणं.

बॅकअप सर्व्हरवर सहाही डेस्कटॉप मिळून जेमतेम 120 जीबी दिसत होते. मला वाटलं, 223मध्ये आरामात बसतील. इथेच फसलो. बॅकअप सर्व्हर 4 एमबीचे तुकडे करतो आणि सारखे तुकडे एकदाच ठेवतो, म्हणून तिथे आकडा लहान. रिस्टोअर करताना मात्र क्लोनचं टेम्प्लेटशी असलेलं नातं परत येत नाही. प्रत्येक डेस्कटॉप स्वतंत्र, अख्खा, आपापल्या विंडोजसकट उतरतो. एकत्र कुटुंब होतं, परत आले ते सहा वेगळ्या चुली मांडून.

पहिल्या रात्री दोन उतरले आणि तिसऱ्याला जागाच नाही. हा निव्वळ माझा वेंधळेपणा. नवीन झेडएफएस (डिस्कवरची जागा सांभाळणारी फाइल सिस्टम) स्टोरेज जोडताना थिन प्रोव्हिजनची, म्हणजे वापराल तेवढीच जागा देण्याची, टिक राहिली होती, त्यामुळे 80 जीबीची डिस्क वापर असो-नसो पूर्ण 80 अडवून बसत होती. टिक केली, आधीच्या दोघांचं आरक्षण काढलं. मग चार बसले आणि पाचवा साठ टक्क्यांवर मेला.

दुसऱ्या रात्री उतरलेल्या चारही विंडोजमध्ये शिरून री-ट्रिम चालवलं. डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा खाली कळवण्याची सोय) चालू असेल तर विंडोजने केव्हाच पुसलेली पण झेडएफएसला न कळवलेली जागा त्याने मोकळी होते. दर डेस्कटॉपमागे पाच-सहा जीबी मिळाले. पाचवा बसला. सहावा नाहीच. शिवाय पूल (झेडएफएसचा एकूण साठा) गळ्यापर्यंत भरला, आणि भरलेला झेडएफएस कसा रांगतो ते तुम्हाला सांगायला नको.

इकडे आई रोज विचारत होती, "अरे, माझा डेस्कटॉप आला का?" शनिवारी तिच्या मंडळाच्या भिशीची सोडत, आणि सगळा हिशेब त्या डेस्कटॉपवर. तिला म्हटलं, तुझी फाइल तेवढी काढून देतो. नको म्हणाली, तिला तिचा तोच डेस्कटॉप हवा, वॉलपेपरच्या गणपतीसकट.

नवीन डिस्क घ्यावी म्हणून दोन दुकानांत फोन केले. 2025च्या अखेरीपासून रॅमने जे भाव दाखवलेत त्याच वाटेने एसएसडी चालल्यात. भाव ऐकून फोन ठेवला आणि डीड्यूपचा, म्हणजे झेडएफएसलाच सारखे ब्लॉक एकदा ठेवायला लावण्याचा, विचार सुरू केला. पण त्याला रॅम भरपूर लागते, आणि इथे सगळी मिळून 16 जीबी, त्यात सहा विंडोज. तीही कल्पना बाजूला ठेवली.

आणि तेव्हा नॉपराइट आठवलं. झेडएफएसमध्ये एखाद्या ब्लॉकवर आधीचाच मजकूर पुन्हा लिहायला गेलात, तर ते चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून पाहतं आणि सारखा असेल तर लिहितच नाही. जुना ब्लॉक जसाच्या तसा राहतो. मग युक्ती अशी: आधी टेम्प्लेट रिस्टोअर करायचा, त्याचा नवा लिंक्ड क्लोन काढायचा, आणि त्या क्लोनच्या डिस्कवर बॅकअपमधली आईची डिस्क सरळ ओतायची. जे ब्लॉक टेम्प्लेटसारखेच आहेत ते सामायिक राहतील, फक्त फरक जागा खाईल. क्लोन त्याच टेम्प्लेटमधून जन्मलेला असल्यामुळे न बदललेले ब्लॉक जागचे हललेले नसतात. तुटलेलं नातं पुन्हा जुळलं!

टेम्प्लेटचा बॅकअप चौदा महिने जुना होता. पण टेम्प्लेट बदलतच नाही, त्यामुळे चालणार होता. त्यावर प्रोटेक्टेडची खूण केली होती म्हणून तो जुने बॅकअप पुसणाऱ्या छाटणीतून वाचला. का केली होती ते आठवत नाही, पण त्या दिवशीच्या मला एक कटिंग चहा लागू.

बॅकअप क्लायंटची मॅप कमांड वापरली की बॅकअपमधली डिस्क लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जोडलेल्या डिस्कसारखी, समोर येते. तिथून डीडीने (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी कमांड) क्लोनच्या झेडव्हॉलवर, म्हणजे झेडएफएसमधल्या त्याच्या डिस्कवर. बॅकअप सर्व्हरला साधी फिरती डिस्क आहे, ते हजारो तुकडे गोळा करताना तिची घरघर भिंतीपलीकडे ऐकू येते. पाऊण तासाने पाहिलं तर क्लोनचा वापर 44 जीबी. एक ब्लॉकही वाचला नव्हता.

कारण शोधायला अख्खा गुरुवार गेला. नॉपराइट नेहमीच्या फ्लेचर चेकसमवर चालत नाही, त्याला शा-256 सारखा पक्का चेकसम लागतो. कॉम्प्रेशनही चालू हवं, ते होतं. चेकसम बदलला, पुन्हा डीडी, पुन्हा पाऊण तास. पुन्हा 44. या वेळी मी कीबोर्ड जरा जोरात ढकलला. बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेली.

कॉफी करताना ट्यूब पेटली. चेकसमची प्रॉपर्टी (सेटिंग) बदलली तरी ती फक्त नव्या लिखाणाला लागू होते. टेम्प्लेटचे ब्लॉक जुन्या चेकसमनेच लिहिलेले होते, मग नव्या चेकसमशी जुळणार कसे? टेम्प्लेट उडवला, चेकसम आधी बदलून तो पुन्हा उतरवला, नवा क्लोन, पुन्हा डीडी. दर दहा सेकंदांनी आकडा बघत बसलो. 2.1. 4.6. 7.3. आणि 7.9ला डीडी संपलं.

मूळ कॉन्फिग बॅकअपमध्येच असतं. त्यातून मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि सिस्टमचा यूयूआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) उचलून नव्या मशीनला दिले, नाहीतर विंडोज नवं यंत्र समजून अ‍ॅक्टिव्हेशनची कुरकुर करतं. आईने आज सकाळी लॉगइन केलं, गणपती पाहिला, भिशीची फाइल उघडली आणि म्हणाली, "जरा फास्ट झालाय का रे?" नाही झालेला. पण मी हो म्हटलं.

मुलीचा 11 जीबी, भावाचा 9, माझा 12, प्रयोगाचा 6. सहावा बायकोचा. डीडी संपलं आणि वापर 43! अर्धा तास सगळं उलटंपालटं केलं, मग मशीन सुरू केलं तर निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागतंय. तिच्या डेस्कटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, आहे. क्लोन काढल्यानंतर चढवलेला, म्हणजे टेम्प्लेटशी एकही ब्लॉक सारखा उरलेला नाही. की मागण्याचं कारण वेगळं: टीपीएमची (बिटलॉकरची किल्ली जपणाऱ्या आभासी चिपची) छोटी डिस्क टेम्प्लेटचीच राहिली होती. तीही बॅकअपमधून ओतली, मग गुमान सुरू झालं. तुम्ही करून पाहणार असाल तर ईएफआय (बूटच्या सेटिंग्ज) आणि टीपीएमच्या डिस्क विसरू नका.

टेम्प्लेट 31 धरून सगळे मिळून 120च्या घरात. बसले.

पुढचा बेत असा होता, की दोन 480 जीबीच्या डिस्क आल्या की नव्या पूलवर हाच डीडीचा खेळ पुन्हा करायचा. हे लिहिता लिहिता सुचलं की गरजच नाही. झेडएफएस सेंडला (डेटा दुसऱ्या पूलवर पाठवणारी कमांड) मोठा आर लावून वरचा अख्खा डेटासेट पाठवला तर क्लोनचं नातंही सोबत जातं. मग डीडीची स्क्रिप्ट फक्त पुढच्या अपघातासाठी. ती आज नीट करतोय, कारण आत्ता तिच्यात आयडी हाताने बदलावे लागतात आणि रात्री बाराला मी प्रयोगाच्या डेस्कटॉपवर भावाची डिस्क ओतता ओतता राहिलो. डिस्क या वेळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या दुकानांतून.

बायकोला बिटलॉकर काढायला विचारून पाहिलं. तिच्याकडे लोकांची रिटर्नची कागदपत्रं असतात. म्हणाली, "डिस्क मोठी घे."